कॅनात बोललेलं

चेअरमनसाहेबांनी कॅन उचलला, तो शुक्रवार होता. कॅनमध्ये दूध होतं. त्यांनी तो गुडघ्यापर्यंत नेला, खाली ठेवला, आणि मग त्यांना सरळ होता आलं नाही. मामा शेजारीच उभे होते. मी त्यांचं जाकीट धरून उभा होतो. त्या दिवसानंतर आमच्या डेअरीत सगळं बदललं.

मामा मागच्या महिन्यात गेले. त्यांच्या दहाव्याला जाऊन आलो आणि तेव्हापासून हे थोडं थोडं लिहितो आहे. एका बैठकीत चार ओळी होतात. मग मामांचं एखादं वाक्य आठवतं, हसू येतं आणि कागद बाजूला राहतो. शोक करणाऱ्या माणसाला हे शोभत नाही, पण मामांनी दुसरा मार्ग ठेवलेला नाही.

ते माझे मामा नव्हते. ते सगळ्यांचेच मामा होते. त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असलेले चेअरमनसाहेबही त्यांना मामाच म्हणत, मात्र अरेतुरे करून. आमची डेअरी म्हणजे कडा या बाजारगावाच्या अलीकडच्या एका गावातलं सहकारी दूध संघाचं शीतकरण केंद्र. पत्र्याची एक शेड, एक थंड टाकी, पुढे व्हरांडा. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून टेम्पोने दूध यायचं आणि गार करून पुन्हा कॅनमधूनच संघाकडे जायचं. त्यातलं फॅट तपासायचं काम माझ्याकडे होतं आणि रिकामे झालेले कॅन धुवायचं काम मामांकडे. मी चष्मा लावायचो आणि दुपारी पुस्तक वाचत बसायचो, म्हणून मामा मला गुरुजी म्हणायचे. मी आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नाही.

कॅन धुणं हे काम लांबून सोपं वाटतं. चाळीस लिटरचा जस्ताच्या रंगाचा कॅन, अरुंद गळ्याचा. तो जमिनीवर ठेवायचा, कमरेतून वाकायचं, ब्रश धरलेला हात आत घालायचा. हात कोपरापर्यंत गेला तरी तळ सापडत नाही. मग खांदा घालायचा. खांदा गेला की गाल कॅनच्या काठाला टेकतो आणि तोंड बरोबर कॅनच्या तोंडावर येतं. त्या अवस्थेत तळ घासायचा, कडेचा सांधा घासायचा, मग सोड्याचं कढत पाणी, पुन्हा घासणं, पुन्हा पाणी. मग कॅन उचलून लोखंडी मांडणीवर पालथा घालायचा. मग पुढचा कॅन. सकाळचं दूध आणि संध्याकाळचं दूध, सणावाराची सुट्टी नाही, कारण गाईला सण नसतो.

तोंड कॅनच्या तोंडावर आलं की मामा बोलायला लागायचे.

मामांचा ठाम समज होता की कॅनात बोललेलं कॅनातच राहतं. त्यामुळे गावाबद्दल, संघाबद्दल, विशेषतः चेअरमनसाहेबांबद्दल त्यांची जी काही मतं होती, ती सगळी ते कॅनमध्ये मांडायचे. प्रत्यक्षात काय व्हायचं, तर कॅनच्या पोटात घुमून तो आवाज सभेच्या कर्ण्यातून आल्यासारखा बाहेर पडायचा. रस्त्यावरून जाणारा माणूस सायकल थांबवायचा.

"दुधाची गंगा आणीन म्हणला भाषणात! अन् डेअरीवर चहा कोरा! आरं कसली गंगा अन् कसलं काय, आयो, लई शाना हाय चेअरमन!"

एकदा चेअरमनसाहेब व्हरांड्यातच उभे होते.

"मामा, काय म्हणलास?"

मामांनी हात बाहेर काढला, शांतपणे ब्रश झटकला. "काय न्हाई साहेब. कॅनशी बोलत होतो."

"मला ऐकू आलं ना बे सगळं."

"मंग तुमी कावून ऐकता दुसऱ्याचं बोलणं?"

 साहेब आत जाऊन खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "गुरुजी, चहात दूध घालत जा थोडं."

साहेब गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन, मोठ्या शेताचे मालक, दोन निवडणुका जिंकलेले. त्यांना तोंडावर बोलणारं माणूस तालुक्यात नव्हतं. कॅनमधून बोलणारा हा एकटाच. मला कधी कधी वाटायचं, ते मुद्दाम धुण्याच्या वेळेला डेअरीवर येतात.

मामांची दुसरी तऱ्हा म्हणजे कॅन नाचवणं. कॅन हातात उचलून नेताना मी त्यांना जवळजवळ पाहिलंच नाही. ते कॅन जरासा कलता करायचे, खालच्या कडेवर उभा धरायचे आणि गळ्याला हात लावून गरागरा फिरवत पुढे न्यायचे. रिकामे असले तर दोन्ही हातांत दोन. दोन कॅन शेडच्या फरशीवर गिरक्या घेत चालले आहेत आणि मधून मामा ताठ चालताहेत, एखाद्या लग्नात दोन्हीकडच्या विहिणींना घेऊन निघाल्यासारखे. नवा टेम्पोवाला आला की बघतच राहायचा.

टेम्पोवाल्यांचं तर त्यांनी फार छान जमवलं होतं. भरलेले कॅन टेम्पोत चढवायचे असले की मामा हात मागे बांधून उभे राहायचे आणि हळहळल्यासारखं म्हणायचे, "तुझ्या बापासारखा कॅन उचलणारा मी बघितला न्हाई. एका दमात! आताच्या पोरात ती ताकद राहिली न्हाई म्हणा." झालं. तो पोरगा बाह्या सरसावून सगळे कॅन एकट्याने चढवायचा आणि वर मामांनाच विचारायचा, "कसं काय?" मामा मान हलवायचे. "बापाच्या जवळ जवळ आलास."

आणि तिसरी तऱ्हा म्हणजे वाळणं. सकाळचं काम संपलं की मामा शेडच्या आडव्या लोखंडी पाइपाला दोन्ही हातांनी लटकायचे. पाय जमिनीपासून वीतभर वर. डोळे मिटलेले. ओल्या बंडीतून पाणी ठिबकतंय.

"मामा, काय करताय?"

"वाळतोय."

एकदा संघाचे एक अधिकारी आले आणि लटकलेल्या मामांनाच विचारू लागले की सोडा किती वापरता, पाणी किती तापवता. मामांनी लटकूनच सगळी उत्तरं दिली. अधिकारी वर बघून लिहून घेत होते. जाताना मला म्हणाले, "माणूस जरा विचित्र आहे, पण कॅन स्वच्छ आहेत."

मीही तेच मानून चाललो होतो. मग एका दुपारी मामी भाकरी घेऊन आल्या. त्यांचं घर डेअरीच्या भिंतीला लागूनच होतं, पण दुपारची भाकरी त्या स्वतः आणून द्यायच्या आणि मामा जेवेपर्यंत उंबऱ्यावर बसायच्या. मामा तेव्हा पाइपाला होते. मी सहज म्हणालो, "मामी, मामांना वाळायला अजून वेळ आहे."

मामी हसल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ते वाळत न्हाईत, गुरुजी. कंबर सोडवतेत."

त्यांनी जे सांगितलं ते त्या हसत हसतच सांगत होत्या, म्हणून मला कळायला वेळ लागला. लग्न झाल्यापासून दोघं ऊसतोडीला जात. दसरा झाला की टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या ट्रकमध्ये बसायचं आणि कारखान्याच्या फडात पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, घालून पावसाळ्यापर्यंत राहायचं. मामा वाकून तोडायचे, मामी मोळ्या बांधून डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायच्या. पहाटेच्या अंधारात, थंडीत, वर्षानुवर्षं. मामांची कंबर तिथंच गेली. डेअरीचं काम मिळालं तेव्हा मामांनी त्यांना कोपीतच सांगितलं होतं, "हे शेवटचं. आता तुला ह्या कोपीत परत आणायचो न्हाई."

"वाकलं की तोंडातनं आयो निघतं त्येंच्या," मामी म्हणाल्या. "ते कुणाला ऐकू यिऊ नये म्हणून बोलत्यात कॅनात. शिवी दिली की कळ कमी लागती म्हणत्यात. भरलेला कॅन तर उचलवतच न्हाई. म्हणून नाचवत्यात."

"साहेबांना सांगितलं तर—"

"नगं! कंबर गेली म्हणल्यावर कोण ठेवतंय कॅन धुवायला? डेअरी गेली की दसऱ्याला मुकादम दारात. अन् तिथं कोयता म्हंजे नवराबायकूची जोडी, गुरुजी. एकट्याला कोण नेतंय?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मला लई भ्या वाटतं कोपीचं. तुमी बोलू नका कुणाला."

पाइपावरून मामा म्हणाले, "काय बोलायलीस गं त्येंच्याशी?"

"कोरड्यास काय केलंय ते सांगायले."

"तीस वर्षं एकच कोरड्यास हाय. त्यात सांगायसारखं काय हाय?"

त्यानंतर मला मामांचं बोलणं वेगळं ऐकू येऊ लागलं. मधला "आयो" कुठे पडतो ते कळायला लागलं. वाक्याच्या शेवटी नाही, मध्येच, जिथे खांदा आत जातो तिथे. ज्या दिवशी चेअरमनसाहेबांना जास्त शिव्या पडत, त्या दिवशी कंबर जास्त दुखत असे. मी पुस्तकात डोकं घालून बसायचो आणि मोजत नसलो तरी ऐकत असायचो.

मग दुष्काळाचं वर्ष आलं. विहिरी आटल्या, गुरं छावणीत गेली, दूध निम्म्याहून खाली आलं. डेअरीला टँकरचं पाणी, तेही एक दिवसाआड. गावात बोलणं सुरू झालं की माणसं हंडे घेऊन रांगेत आहेत आणि हे कॅनला आंघोळी घालतात. मामांनी मग एक पद्धत काढली. पहिल्या कॅनचं धुवण दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला. सोड्याचं शेवटचं पाणी फरशीला. सगळ्यात आधीचं दुधाळ पाणी बाहेरच्या दोन कुत्र्यांना, जी त्या दुष्काळात गावात सगळ्यात धष्टपुष्ट होती.

"कॅनची आंघोळ न्हाई," मामा रांगेतल्या बायकांना सांगायचे, "एकाची आंघोळ, दुसऱ्याचं तोंड धुणं, तिसऱ्याचं नुसतं पाय. बघा यिऊन."

पण त्यात श्रम दुप्पट होते. पाणी ओतायचं तर कॅन उचलून दुसऱ्यावर कलता करायला लागायचा. मामांचं वाळणं लांबलं. कधी भाकरी गार होऊन जायची. मामी वीट तापवून फडक्यात गुंडाळून आणायच्या आणि "भाकरी ऊन राहावी म्हणून" असं मोठ्याने सांगून ती मामांच्या पाठीशी ठेवायच्या.

दूध कमी, म्हणजे माणसं कमी, हे संघाचं साधं गणित. आमचं केंद्र चालू ठेवायचं की नाही, आणि ठेवलं तर कोणाला ठेवायचं, हे बघायला संघाकडून दोन पाहुणे येणार असं ठरलं. चेअरमनसाहेबांनी दोन दिवस आधीच येऊन सगळ्यांना सांगितलं, "घाबरायचं न्हाई. आपल्याकडं मशीन न्हाई, पण माणसं हायत. मी दाखवतो त्येंला."

त्यांना काय दाखवायचं होतं ते शुक्रवारी कळलं.

पाहुणे आले. शेड बघितली, टाकी बघितली, माझ्या टेबलावरच्या नळ्या बघितल्या. मग साहेब त्यांना घेऊन भरलेल्या कॅनजवळ आले. बाहेर टेम्पो उभा होता.

"हे आमचे मामा," साहेब म्हणाले. "ह्या वयात भरलेला कॅन एका दमात टेम्पोत टाकतो. मशीन काय करतंय? मामा, टाक रे एक. पाहुण्यांला दाखव."

मी मामांकडे बघितलं. मामा टॉवेलला हात पुसत होते. हात कोरडे झाले तरी पुसतच राहिले. उंबऱ्यावर मामी भाकरीचं फडकं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पदराचं टोक दातात धरलं.

"टाकतो की, साहेब," मामा म्हणाले. दोन पावलं पुढे आले. कॅनच्या कानाला, म्हणजे बाजूच्या कडीला, हात लावला. मग हात काढून घेतला आणि पाहुण्यांकडे वळले. "पण एक सांगू का? हे दुष्काळातलं दूध हाय. लेकराला घोटभर कमी दिऊन सभासदानं हितं घातलंय. अशा दुधाला पहिला हात चेअरमनचा लागला पायजे. मपला हात काय, रोजचाच हाय." आणि हळहळल्यासारखं म्हणाले, "साहेबांचे वडील असे कॅन दोन्ही हातात दोन उचलायचे. मी डोळ्यानं बघितलंय. आता ती ताकद कुठं राहिलीय म्हणा."

साहेबांच्या वडिलांच्या काळात गावात डेअरीच नव्हती. हे मला माहीत होतं, मामांना माहीत होतं, साहेबांनाही माहीत असणार. पण ते जाकीट काढून माझ्या हातात देत होते.

"व्हा बाजूला," ते म्हणाले.

ते वाकले, कॅनचे दोन्ही कान धरले आणि तो उचलला. कॅन गुडघ्यापर्यंत आला. तिथे त्यांच्या तोंडातून आवाज निघाला.

"आयो—"

कॅन खाली बसला. साहेब त्याच्यावर वाकून तसेच राहिले.  मग मामा धावले.

"हलू नका साहेब. दम सोडा. हळू. आता शिवी द्या."

"कुणाला बे?" साहेब दात आवळून म्हणाले.

"कुणालाबी द्या. मला द्या. दिल्याबिगर कळ जायची न्हाई."

"पाहुणे हायत ना—"

मामांनी पायाने एक रिकामा कॅन सरकवून साहेबांच्या तोंडाखाली आणला. "ह्याच्यात द्या. कॅनात बोललेलं कॅनात ऱ्हातंय."

साहेबांनी तोंड कॅनवर नेलं. आणि दुष्काळात जीप घेऊन पाहणीला येणाऱ्या, पाहणीच्या नावाखाली कोंबडी खाणाऱ्या, आणि गाय कुठल्या बाजूने दूध देते हेही ठाऊक नसलेल्या लोकांबद्दल त्यांचं काय मत आहे, ते सविस्तर सांगितलं. आवाज घुमून रस्त्यापर्यंत गेला. पाहुणे पत्र्याकडे बघत होते.

"बरं वाटलं का?" मामांनी विचारलं.

"वाटलं जरा," साहेब म्हणाले.

मग मी आणि टेम्पोवाल्याने त्यांना धरून पाइपाजवळ नेलं. मामांनी त्यांचे हात पाइपावर ठेवले. साहेब उंच होते, त्यामुळे पाय जमिनीला टेकत होते. अर्धवट लटकलेले, अर्धवट उभे. पाहुणे घाईने जीपमध्ये बसले आणि गेले. शेडमध्ये आम्ही चौघं, आणि उंबऱ्यावर मामी.

 साहेब मान न वळवता म्हणाले, "मामा."

"जी."

"तू हितं रोज वाळत असतो."

"व्हय."

"अन् ते कॅनात वरडतो ते."

मामांनी मघाचा रिकामा कॅन बाजूला सरकवला.

"मधीच एक आवाज निघतो तुझ्या तोंडातनं. मला वाटायचं, मला शिव्या देतानी तुला लई जोर येतो. आज मपल्या तोंडातनं तोच निघाला." साहेबांनी पाइपावरची पकड बदलली. "कधीपासनं हाय हे?"

मामा फरशीकडे बघत होते. मामींनी भाकरी उंबऱ्यावर ठेवली होती आणि ती उचलायची विसरल्या होत्या.

"चल, मला घरी सोड," साहेब टेम्पोवाल्याला म्हणाले, आणि गेले.

त्यानंतर साहेब बरेच दिवस आले नाहीत. अंथरुणाला आहेत, एवढंच कळायचं. केंद्र चालू राहील असा निरोप संघाकडून आला. पाहुण्यांनी अहवालात काय लिहिलं, देव जाणे. पण मामांना ठेवायचं की नाही, ते साहेबांच्या हातात होतं. मामा रोज येत, कॅन धूत, जात. एक अक्षर बोलत नव्हते. "आयो" दाबून धरायचे, त्यामुळे घासताना मध्येच थांबायचे. इतकी गप्प डेअरी मी कधी ऐकली नव्हती. रस्त्यावरचे सायकलवाले थांबून आत डोकावून जायचे. मुकादम गावात येऊन गेल्याची बातमी आली. त्या दिवशी मामी भाकरी ठेवून लगेच निघून गेल्या.

मग एका सकाळी एक गवंडी आला. हातात ओळंबा, कानावर पेन्सिल.

"मामा कोण हाय?"

मामा पुढे झाले. गवंड्याने त्यांना भिंतीला टेकून उभं केलं, हनुवटीला बोट लावून ताठ केलं, आणि कमरेच्या उंचीवर भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली.

"काय चाललंय बे?" मामा म्हणाले.

"ओटा बांधायचा हाय. कॅन धुवायला. चेअरमनसाहेबांनी धाडलंय." गवंड्याने पेन्सिल परत कानावर ठेवली. "म्हणले, माणूस उभा करून माप घे. वाकवून घेऊ नको."

मामा भिंतीला टेकून तसेच उभे राहिले. गवंडी विटा बघायला बाहेर गेला तरी हलले नाहीत. मी हाक मारली तेव्हा म्हणाले, "थांबा गुरुजी. माप हालंल."

ओटा कमरेइतका झाला. त्याला लागून एक बैठा चौथरा, त्यावर कॅन उभा केला की कॅनचं तोंड छातीशी येईल असा. टेम्पोच्या बाजूला उताराची फरशी, म्हणजे भरलेला कॅन नाचवतच वर जायचा. वार्षिक सभेत साहेबांनी काठी टेकत उभं राहून सांगितलं की दुधाच्या शुद्धतेसाठी जमिनीवर कॅन धुण्याची प्रथा आपण बंद केली आहे. कंबर हा शब्द त्यांनी काढला नाही. सभासदांनी टाळ्या वाजवल्या. मामा मागच्या रांगेत होते. त्यांनी सगळ्यांत उशिरापर्यंत वाजवल्या.

एक गोष्ट मात्र बिघडली. ओट्यामुळे तोंड कॅनपासून लांब राहू लागलं. मामांची मतं कळेनाशी झाली. साहेब येऊन व्हरांड्यात उभे राहायचे, वाट बघायचे, शेवटी विचारायचे, "मामा, आज काय बोलत न्हाईस?"

"तोंड पुरत न्हाई, साहेब."

"वाक की जरा."

"वाकायचं माप गवंड्यानं ठेवलंच न्हाई."

साहेब हसायचे आणि जाताना पाइपाला दोन मिनिटं लटकायचे. आम्ही दुसरीकडे बघायचो.

पुढे साहेब गेले. मग संघ मोडला, दूध खाजगी टँकरमध्ये जाऊ लागलं, कॅन भंगारात गेले. मी कड्याला राहायला आलो. मामा शेवटपर्यंत पाइपाला लटकायला जायचे, पाय टेकवून. गेल्या महिन्यात झोपेतच गेले. मामी म्हणाल्या, कण्हले नाहीत.

दहाव्याचं जेवण झाल्यावर मी डेअरीकडे गेलो. शेडचा पत्रा गेला आहे. पाइप आहे. ओटा आहे. मामी पुन्हा कधी कोपीत गेल्या नाहीत. उन्हाळ्यात त्या ओट्यावर कुरडया घालतात. उभ्यानं.